हेमला कुवारा गेला

"मले माहा बाप हुडकून द्या," प्रेमसिंग म्हणाला.

उत्तमराव ढोले ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला नाही. "हरवला कधी?"

"मी पायलाच नाही त्याले. छपन्याच्या दुष्काळात मी तान्हा होतो."

छपन्याचा दुष्काळ म्हणजे संवत एकोणीसशे छप्पनचा, इंग्रजी सन एकोणीसशेचा. त्याला आता पस्तीस वर्षं उलटून गेली होती. प्रेमसिंगाच्या कानांवरचे केस पांढरे होऊ लागले होते.

"अन् आत्ता आली व्हय बापाची आठवन?" भिंतीला टेकून बसलेला हिरालाल म्हणाला.

पोलिसातली जमादारी सोडल्यापासून उत्तमराव कारंज्यात वकिलांसाठी खाजगी तपास करत. हिरालाल हा त्यांचा लहानपणचा दोस्त. दमणी आणि बैलं हिरालालची, वाट काढणं उत्तमरावांचं, असा दोघांचा जुना रिवाज होता.

प्रेमसिंग खाली बसला. मोठा देह, पण बसला तो अंग चोरून. "माही रुपा लग्नाची हाये, भाऊ. मानोऱ्याकडच्या तांड्याचा नायक हाये ना, भाऊसिंग राठोड? त्याच्या धाकट्या पोट्ट्याच्या मनात ते भरली. सोमला नाव त्याचं. कापसाच्या गाड्या घेऊन कारंज्याले येते, तवा बाजारात पायली त्यानं. दोघंबी एकमेकाले पाहून राह्यले."

"मंग अडलं कुठी?"

"गोतावर. आमच्या बंजाऱ्यात एका गोतात लगीन होत नाही. राठोडाले राठोडाची पोरगी बहीन नाहीतर पुतनी लागते. पंगतीत ढाडी उभा राह्यते अन् दोन्हीकडच्या पिढ्या गाऊन दाखवते. माह्याकडून तो काय गाईन? मले बापच नाही. गोजरा मायनं वाढवला मले, माळ्याच्या मळ्यात."

"तुह्या लग्नात काय झालं होतं?"

"माही बायकोबी दुष्काळातलीच पोरकी होती. कोन कोनाले इचारते? आता सोमला म्हनते, गोत निघालं तर ठीक, नाहीतर रुपाले पळवून नेतो. अन् पोट्टी जाईन त्याच्यासंग. तिची नजर पायली मी."

"नायक काय म्हनते?"

"पयले लय खूश होता. म्हने, गोताचं पाहून घेऊ. मंग एक दिवस पोट्टी पाहाले मळ्यात आला. गोजरा मायसंग बोलत बसला. अन् बोलता बोलता उठला तो पानीबी न पेता गेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ज्याले गोत नाही त्याची पोरगी माह्या घरात नको."

"झालं! पोट्टी आवडली नसन," हिरालाल म्हणाला.

"नाही भाऊ, मनाचा मोठा हाये. त्यानं सोताच तीन ठिकानं सुचवली. एक पवाराचं, एक चव्हानाचं, एक जाधवाचं. म्हने, लग्नाचा समदा भार मी उचलतो, पोट्टी तेवढी लवकर उजवून टाक."

"वा!" हिरालाल म्हणाला. "असा मानूस आजकाल कुठी भेटते?"

उत्तमरावांचा अडकित्ता आता थांबला. "त्याच्याच तांड्यात दुसरा कोनी पोट्टा नाही?"

"हाये ना. एका राठोडाचा हाये. त्याच्या बापानं मले इचारलंबी होतं. तर नायकानं त्या बापाले असा दम देला, का तो बिचारा पुन्हा मळ्याकडं फिरकला नाही."

उत्तमरावांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "हिऱ्या, बैलं जुप."

*

गोजराबाईचा मळा गावाच्या कडेला होता. मोटेचं पाणी दांडातून वांग्यांच्या वाफ्यांत उतरत होतं. त्या पाण्यात घागऱ्याचा काठ भिजवत एक पोरगी उभी होती. कुदळीनं वाफ्याचं मातीचं दार मोडत होती, एक वाफा भरला की दुसऱ्याचं. हीच रुपा. तिनं पाहुण्यांकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे.

गोजराबाई आता पाठीत वाकली होती. बोलताना हात जमिनीवर टेकवी.

"ये उत्तम. तुह्या मायच्या लग्नासंगच लगीन झालं होतं माहं, ठाऊक हाये ना?"

"ठाऊक हाये काकू. याची माय कशी सापडली, थे सांगा."

म्हातारीनं गोठ्याकडे बोट केलं. "तिथी. उन्हायाचे दिवस. सकाळी चारा पाहाले गेली त पोरगं रडून राह्यलं अन् माय भुईवर पडलेली. बंजारीन. मानोऱ्याच्या वाटेनं आलेली, तयपायाची सालं निघालेली. तिची बोली मले समजे ना, माही तिले समजे ना. दोन दिवस होती. पानी मागे, तेवढं समजे."

"अंगावर काय होतं तिच्या?"

"काय असन? तुले सांगतो, त्यायच्या बायायच्या दंडभर पांढऱ्या बांगड्या असतात का नाही? तिच्या दंडावर एकबी नोहोती. पन वळ होते. बांगडीखालचं कातडं गोरं, बाकीचं काळं. अन् त्या गोऱ्या कातड्यावर खरचटलेलं, अजून ओलं. केसायमंदी चांदीच्या घुगऱ्या घालतात त्या, थ्याबी नाही. केसं ओढल्यावानी इस्कटलेले."

"वाटेत लुटली असन बिचारीले," हिरालाल म्हणाला.

"लुटारूनं ज्वारी काऊन सोडली मंग?" गोजराबाई म्हणाली. "तिच्या ओढनीच्या पदरात ज्वारी बांधलेली होती. त्या साली लोक बाभयीच्या शेंगा शिजवत होते बापा, अन् इच्या पदरात ज्वारी! जमिनीखालच्या पेवातली. पिवयी पडलेली, आंबूस वासाची." तिचे हात मातीवर फिरले. "थे आमी खाल्ली. ती गेल्यावर. तिचंच पोरगं मांडीवर घेऊन खाल्ली. आता सांगून टाकतो, झालं."

मोटेचा कुरकुर आवाज तेवढा येत राहिला.

"नायक आला होता, त्याले हेच सांगतलं?"

"हो. त्यानं पोरगं केवढं होतं थे इचारलं. मी म्हनली, दात नोहोते आले. मंग उठलाच तो."

बाहेर पडताना रुपा बांधावर आडवी आली. "भाऊ," ती उत्तमरावांना म्हणाली, "आज्या सापडन ना माहा?"

"सापडन," उत्तमराव म्हणाले. पण पुढे गाडीत बसल्यावर त्यांनी अडकित्ता काढला आणि सुपारी न कातरताच परत ठेवून दिला.

"काऊन रे, तोंड काऊन पाडलं?" हिरालालनं विचारलं.

"सापडन म्हनूनच."

*

तांडा माळावर होता. पळसाच्या खाली सपाट जागा, भोवती गवती झोपड्या, मधल्या झोपडीसमोर सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा. ढाडी लालू तिथंच उन्हाला बसला होता. मांडीवर सारंगी, डोळ्यांत मोतीबिंदू.

"राठोड नायकाच्या पिढ्या ऐकव बुवा," उत्तमराव त्याच्याजवळ बसत म्हणाले.

"कोन्त्या गावचे पाहुने? आयकनाराले चिलीम पाजा लागते."

हिरालालनं चिलीम भरून दिली. म्हाताऱ्यानं झुरका घेतला, सारंगीवर गज ठेवला. आवाज फाटका होता, पण लय पक्की होती. बापाला पोरगा, पोराला नातू, अशी नावं बैलांच्या माळेसारखी एकामागून एक चालत आली. मीठ वाहणारे, धान्य वाहणारे, फौजेमागे गेलेले. शेवटी तो म्हणाला,

लाख्याच्या अंगनी जोडीचं झाड,
हेमला वाळला, ना मोहर ना पाड.
भाऊसिंग फुटला, फांदीले फांदी,
तांड्याची सावली चंदनाची चांदी.

"हेमला कोन?"

"भाऊसिंगाचा मोठा भाऊ. कुवारा गेला, छपन्याच्या साली. म्हनून त्याच्या पिढ्यायची ओय तिथंच तुटते."

"तुमी पायलं होतं?"

"मी तवा खानदेशाकडं होतो. नायक सांगन थे मी गातो. ढाडी डोयानं पाहत नाही बाबा, कानानं पाह्यते."

तेवढ्यात भाऊसिंग नायक स्वतःच आला. उंच, ताठ, डोक्यावर तांबडी पगडी. त्यानं प्रेमसिंगाचं नाव ऐकलं आणि चेहरा तसाच ठेवला.

"गोत काढाले आले? काढा. मले काय? पन मी त्याले चांगली घरं दाखवली. पवाराचं घर त लाखात एक हाये."

"तुमच्या भावाबद्दल इचाराचं होतं, नायक. हेमलाबद्दल."

"त्याचं काय?" भाऊसिंगचा आवाज खाली आला. "तो मोगलाईत, निजामाच्या मुलखात होता, दोन-तीन साल. दुष्काळात परत आला. एकटाच. तांडा समदा सडकेच्या कामावर खडी फोडाले गेला होता, मी एकटा झोपड्या राखत होतो. मी नदीवर बैलं पाजाले गेलो. येऊन पाह्यतो त पेव उघडं अन् भाऊ आत पडलेला. इखारी वारा लागला त्याले."

"पेवात दाना होता?"

"कायचा दाना? रिकामं होतं. काही उरलं का म्हनून पाहाले उतरला असन."

"अन् लगीन?"

"कुवारा गेला म्हनलं ना!" नायक झोपडीकडे वळला. "रोटी खाऊन जा. तांड्यातून कोनी उपाशी जात नाही."

पळसापलीकडे धनीबाई गोवऱ्या थापत होती. तांड्यातली सगळ्यात म्हातारी बाई. दंडावर बांगड्या नव्हत्या, हात मनगटापासून खांद्यापर्यंत मोकळे. "थे पेव? थे का," तिनं शेणाच्या हातानं दाखवलं. पळसाच्या मुळांपाशी जमिनीत एक दगडी फाडी बसवलेली होती, जात्याहून मोठी. "आता कोनी वापरत नाही. आमच्यात पेव उघडलं का एक दिवस तसंच ठेवतात. मंग कंदील सोडतात आत. कंदील इझला त मानूस उतरत नाही. ज्वारी आत घाम गाळते ना, त्याचा इखारी वारा होते."

"हिऱ्या, फाडी उचलून पाह्य बरं."

हिरालालनं धोतर खोचलं, पाय रोवले, लाल झाला. फाडी जागची हलली नाही. उत्तमरावांनी दुसरी बाजू धरली तेव्हा कुठं ती बोटभर वर आली.

"दोन गड्याबिगर नाही हालत," धनीबाई हसली. "हे पाटील खाऊन खाऊन फुगले, कामाचे नाही."

"आजी, हेमला मेला तवा तुमी कुठी होता?"

"सडकेवर, खडी फोडत. पोट्ट्याले ताप होता म्हनून गोधडी न्याले आली मी तांड्यात. आली त तिकडं नाल्यापाशी धूर. भाऊसिंग एकलाच चितेपाशी उभा. म्हने, हेमला गेला. मी तशीच उलटी फिरली. त्या साली मेल्यापाशी थांबाले कोनाले येळ होता?"

"अन् पोट्टा तुमचा?"

"तोबी गेला. भुकेनं. मिसरूड फुटत होतं नुसतं. तो का, पळसाखाली मातीत ठेवला त्याले. त्याचा बाप त्याच्यामागून आठवड्यात गेला. त्याले जाळला."

"एकाले माती अन् एकाले आग?" हिरालालनं विचारलं.

"पोट्टा कुवारा होता ना बाप्पा," धनीबाई म्हणाली आणि पुढची गोवरी थापू लागली.

*

मानोऱ्यात मुक्काम पडला. भाकरी मोडता मोडता हिरालाल म्हणाला, "मले वाटते, हा हेमला आपल्या कामाचा नाही. कुवारा मानूस कोनाचा बाप कसा असन? अन् नायक बिचारा भला मानूस. उद्या दुसऱ्या तांड्यात जाऊ."

"हिऱ्या, तुह्या पोत्यात चार आंबे हायेत. एक इखारी हाये, पन कोन्ता थे तुले ठाऊक नाही. पाहुन्याले कोन्ता देशीन?"

"एकबी नाही देनार! येडा हायेस का?"

"अन् तीन आंबे डोये झाकून देले अन् एकच मागं धरून ठेवला तर?"

हिरालालचा घास हातातच राहिला. "तर मले ठाऊक हाये, कोन्ता थे."

"खा आता. सकाळी कारंज्याले जाय अन् प्रेमसिंगाले घेऊन ये."

*

प्रेमसिंग आल्यावर, तिसऱ्या दिवशी सकाळी झेंड्यासमोर तांडा जमला. भाऊसिंग खाटेवर, त्याच्यामागे सोमला, खांद्यानं रुंद, मिशी नुकती पिळदार झालेला. प्रेमसिंग एका कडेला उभा. ढाडी आणि धनीबाई खाली मातीवर. रुपाला आणलं नव्हतं; तसं उत्तमरावांनीच सांगितलं होतं.

"प्रेमसिंगाची माय कारंज्यात मेली," उत्तमरावांनी सुरुवात केली. "तिच्या दंडावर बांगड्यायचे वळ होते, अन् त्यावरचं खरचटलेलं ओलं होतं. लुटारू बांगड्या नेते, पदरातली ज्वारीबी नेते. हिची ज्वारी तशीच होती. म्हंजे बांगड्या चोरानं नाही काढल्या. रांडाव झाली म्हनून काढल्या, नुकत्याच. तिचा नवरा तिच्या दोन-चार दिवस आधी, मानोऱ्याच्याच अंगाले मेला."

धनीबाईनं नकळत आपल्या मोकळ्या दंडावर हात ठेवला.

"ज्वारी पेवातली होती. त्या साली समद्या मुलखात कोन्त्या पेवात दाना होता? नायक म्हनतात, आमचं पेव रिकामं होतं. पन रिकाम्या पेवात मानूस मरत नाही. इखारी वारा दान्याचा होते. हेमला वाऱ्यानं मेला, म्हंजे पेवात ज्वारी होती."

"जुनी बुरशी असन," भाऊसिंग म्हणाला.

"असन. पन नायक म्हनतात, हेमला एकटा आला अन् मी नदीवर होतो. मंग फाडी कोनं काढली? परवा मी अन् हिरालालनं मियून थे बोटभर उचलली. दोनच वाटा उरतात. एक, हेमलासंग दुसरं कोनी आलं होतं. दोन, तुमी नदीवर नोहोता. कोन्ती घेता?"

माळावरून एक शेळी ओरडली, कोणी तिला हाकललंही नाही.

"आता शेवटचं. तुमी म्हनता, हेमला कुवारा गेला. ढाडीबुवा पस्तीस साल तेच गाऊन राह्यले. पन धनीआजीनं नाल्यापाशी चितेचा धूर पायला. तुमच्यात कुवाऱ्याले माती देतात. आजीचा पोट्टा या पळसाखाली हाये. मंग हेमलाले आग कोनं देली?"

लालू ढाडीच्या हातातली सारंगी मातीला टेकली. "तुमीच देली, नायक," तो हळूच म्हणाला. "मी हे कधी इचारलंच नाही."

"दुसरं कोनीच नोहोतं तिथी," उत्तमराव म्हणाले. "पुरून टाकला असता त कोनाले काही समजलं नसतं. पन लगीन झालेल्या भावाले मातीत ढकलाले हात धजला नाही. रीत मोडली नाही तुमी. बाकी समदं मोडलं."

"अंदाज हाये हा!" भाऊसिंग उठला. पगडीखाली कपाळ ओलं झालं होतं. "कोन साक्षी हाये? कोनी नाही!"

"नाही," उत्तमराव म्हणाले. "कचेरीत मी हे उभं करू शकत नाही. मी चुकत असन तर इलाज सोपा हाये, नायक. प्रेमसिंगाचं गोत तुमाले ठाऊक नाही ना? मंग पवार काय, चव्हान काय अन् राठोड काय, तुमाले समदे सारखेच पायजे होते. पन तुमी राठोड सोडून तीन घरं दाखवली. जो राठोड इचाराले आला त्याले दम देला. आता इथं, झेंड्यासमोर, एवढंच म्हना का रुपा माही सून हाये. आजच लगीन लावू. मी तुमच्या पायावर डोकं ठेवतो अन् जातो."

सोमला पुढे आला. त्याच्या तोंडावर एकदम उजेड आला होता, बाकी काही त्याला ऐकूच आलं नव्हतं जणू. "म्हना ना बा," तो म्हणाला. "म्हनून टाका."

भाऊसिंगानं पोराकडे पाहिलं. ओठ हलले.

"बा, म्हना!"

"नाही म्हनता येत रे," भाऊसिंग म्हणाला आणि खाटेवर बसला. "पुतनी हाये थे तुही. हेमलाची नात हाये."

सोमला उभा होता तसाच उभा राहिला. मग त्यानं हळूच दोन पावलं मागे घेतली, कोणी ढकलल्यासारखी.

बाकीचं भाऊसिंग खाली पाहूनच बोलला. बाप लाखा नायक त्या साली आधीच गेला होता. पेव भरलेलं होतं, ते त्या दोघा भावांनाच ठाऊक. हेमला मोगलाईतून बायको-पोर घेऊन आला; लगीन तिकडंच, तिच्या तांड्यात झालं होतं. तो मोठा, नायकी त्याची. म्हणाला, उद्या पेव उपसू, सडकेवर नेऊ, समद्याले वाटू.

"समद्याले वाटलं असतं तर महिनाभरबी पुरलं नसतं," भाऊसिंग म्हणाला. "मी मारलं नाही त्याले. दोघांनी फाडी काढली. त्यानं इचारलं, कंदील? मी म्हनलो, तू पोराले पाहाले गेला तवा सोडून पायला, इझला नाही. एवढंच म्हनलो."

"अन् बायको?"

"रडत होती. थे राह्यली असती तर सांगितलं असतं तिनं. मीच बांगड्या फोडल्या तिच्या. ज्वारी बांधून देली अन् म्हनलो, कारंज्याच्या सडकेवर तुही मानसं हायेत, जाय. पान्याचं ध्यानातच नाही आलं." तो थांबला. "नाही. आलं होतं."

धनीबाई उठली. तिला उठायला वेळ लागला, कोणी हात दिला तर तिनं तो झटकला. ती पळसापाशी गेली आणि फाडीवर उभी राहिली.

"माहा पोट्टा भुकेनं गेला, भाऊसिंग. तू या पेवाच्या काठावर माती उकरली त्याच्यासाठी. माह्यासंग रडला. अन् खाली ज्वारी होती?"

भाऊसिंगानं पगडी काढून खाटेवर ठेवली. ती उचलायला कोणी पुढे आलं नाही. एकामागून एक माणसं उठली आणि आपापल्या झोपडीत गेली. दारं लागली.

प्रेमसिंग मघापासून एका जागी होता. तो ढाडीपुढे येऊन बसला. "बुवा, एकदा म्हना ना. हेमलाचा प्रेमसिंग. आयकू द्या."

लालूनं गज उचलला, पण गाणं आलं नाही. तो नुसता बोलला, "लाख्याचा हेमला. हेमलाचा प्रेमसिंग."

प्रेमसिंगानं मान हलवली. गाडीत बसेपर्यंत त्याला रडू फुटलं नाही.

*

रुपाला बापानंच सांगितलं, वांग्यांच्या वाफ्यात उभं राहून. उत्तमराव आणि हिरालाल बांधावर थांबले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. सोमलाचं नाव आलं तेव्हा खाली बसली, थोड्या वेळानं उठली. मग ती बांधापाशी आली.

"आज्याचं नाव हेमला. त्याच्या बापाचं लाखा. त्याच्या वरचेबी समदे सांगतले बानं," ती म्हणाली. "इथी गोठ्यात मेली तिचं नाव काय?"

उत्तमरावांनी हिरालालकडे पाहिलं.

"ढाडीच्या गान्यात बायांची नावं नसतात पोरी," हिरालाल म्हणाला.

"मी ढाडीले नाही इचारलं."

"मी इचारलं नाही," उत्तमराव म्हणाले. "इतकं समदं इचारलं अन् हे राह्यलं."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मानोऱ्याच्या वाटेला लागले. हिरालालनं बैलं जुपताना कुरकुर केली नाही. भाऊसिंग तांड्यात नव्हता. दूर शेतातल्या मांडवाखाली बसलेला सापडला. समोर कोणी ठेवलेलं पाणी तसंच होतं.

"भावाची बायको ना, भोजाई म्हनत होतो मी तिले," तो म्हणाला. "हेमला रुखमी म्हने. रुखमी, पानी दे. रुखमी, पोराले घे. असं."

गाडी कारंज्यात आली तेव्हा बाजाराचा दिवस होता. रुपा भाजीची पाटी भरत होती. उत्तमरावांनी नाव सांगितलं. तिनं ते दोनदा तोंडातल्या तोंडात म्हटलं, मग गोजराबाईला मोठ्यानं सांगितलं, कारण म्हातारीला कमी ऐकू येत होतं.

"रुखमी," गोजराबाई म्हणाली. "मले काय ठाऊक! मी तिले नुसती बाई बाई म्हनत होती." तिनं रुपाच्या पाटीला हात घातला. "आज नको जाऊ तू. तुहा बाप जाईन. कापसाच्या गाड्या आल्या असतीन. तो असन तिथी."

रुपानं पाटी सोडवून घेतली आणि डोक्यावर ठेवली.

"असू दे," ती म्हणाली. "काका हाये तो माहा."